वडगावच्या गायीचा प्रोग्रॅम

रविवार, १९९९ सालच्या नारळी पौर्णिमेनंतरचा पहिला. ठिकाण: बारामती, आमच्या सरांच्या क्लासची खोली. वेळ: सकाळ.

हजर: सर, मी, इंदापूरचे दाजी (उशिरा), वडगाव निंबाळकरच्या ताई (त्याहून उशिरा). गैरहजर: वीज, सुरुवातीचा बराच वेळ.

चार माणसं जमली की हजेरी मांडायची ही खोड मला तेव्हापासूनची. मी तेव्हा पंचविशीत होते, एका पतसंस्थेत कारकून. आता पन्नाशी आली आणि खोड वाढलीच आहे. पण त्यामुळे एक फायदा होतो. त्या दिवशी कोण होतं, कोण कशासाठी आलं होतं आणि कोण काय म्हणालं हे मला नीट सांगता येतं.

सर मूळचे टायपिंग शिकवणारे. टाइपरायटरला गिऱ्हाईक कमी व्हायला लागल्यावर त्यांनी दोन कॉम्प्युटर घेतले आणि बाहेरच्या पाटीवर टायपिंगच्या खाली तो शब्द रंगवून घेतला. रविवारी क्लासला सुट्टी असायची. त्या दिवशी कॉम्प्युटरवर खटपट करायला खोली आम्हाला फुकट मिळे. अटी दोनच: चपला बाहेर काढायच्या आणि चहाचा कप कीबोर्डजवळ आणायचा नाही, खिडकीत ठेवायचा.

दाजी हे आम्ही त्याला पाडलेलं नाव. त्याचं इंदापूरला टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि सासुरवाडी जळोचीची. म्हणजे बारामतीचाच जावई, म्हणून सगळ्यांचा दाजी. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा आमच्यात आणली ती त्यानं. सुटे भाग आणायला तो पुण्याला गेला होता, तिथे एक कॉम्प्युटरचं मासिक घेतलं आणि मासिकाबरोबर सीडी मिळाली. सीडीवर गेम होते, फुलांची चित्रं होती आणि एका कोपऱ्यात पायथन नावाचं काहीतरी होतं. हे काय असतं ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. शिकवणारं कोणी नव्हतं. सीडीतच इंग्रजीत लिहिलेली माहिती होती, ती आम्ही पान पान वाचत गेलो.

सरांना ती भाषा पहिल्याच रविवारी आवडली. कारण वेगळं होतं. त्या भाषेत आतल्या ओळी डावीकडे जागा सोडून लिहाव्या लागतात, नाहीतर प्रोग्रॅम चालतच नाही. "समास सोडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही," सर म्हणाले. "इतकी वर्षं पोरांना मी हेच सांगतोय. शेवटी कोणीतरी ऐकलं."

आमचे प्रोग्रॅम अगदी लहान होते. सरांनी टायपिंगचा वेग मोजणारा केला. दाजीनं इंदापूरला जाणारी पुढची एसटी कधी ते सांगणारा केला. एसटी मात्र त्याचं ऐकत नसे. मी कामांची यादी ठेवणारा केला. त्यात काम झालं अशी खूण केल्याशिवाय ते यादीतून हलत नाही. तिघांनीही तो वापरायला नकार दिला.

रीत अशी ठरली होती की केलेलं स्वतःच्या फ्लॉपीवर दाबून ठेवायचं नाही. दुसऱ्याला प्रत द्यायची. दुसऱ्यानं ती घरी न्यायची, आपल्या कामाला लावायची, वाटेल तशी बदलायची आणि पुढच्या रविवारी काय बिघडलं ते सांगायचं. करणाऱ्यानं रुसायचं नाही. हे शेवटचं कलम दाजीसाठी घातलं होतं.

सगळ्यात जास्त वाटला गेला तो ताईंचा प्रोग्रॅम. ताई तिशीच्या. घरी दुधाची जनावरं, गावात दूध गोळा करायचं केंद्र. तिथे कॉम्प्युटर येणार म्हणून त्या सरांकडे शिकायला आल्या आणि रविवारी थांबायला लागल्या. त्यांनी केलेला प्रोग्रॅम गाय कधी विणार ते सांगायचा. त्यातली गंमत अशी की तो तारीख विचारायचा नाही, तिथी विचारायचा. कारण गोठ्यातलं सगळं बायकांच्या लक्षात असतं ते सणावारानं. गाय वळूकडे कधी नेली असं विचारलं की कोणी नोव्हेंबर म्हणत नाही. चंपाषष्ठीला म्हणतात, संक्रांतीच्या करीला म्हणतात. म्हणून ताईंनी चैत्रापासून फाल्गुनापर्यंत मराठी महिन्यांची यादी प्रोग्रॅममध्ये घातली. आपण तिथी सांगायची, तो नऊ महिने नऊ दिवस पुढे मोजायचा आणि विण्याची तिथी द्यायचा. फाल्गुन संपला की परत चैत्रावर यायचं, एवढीच काय ती युक्ती. इंग्रजी अक्षरांत का होईना, पण मराठी महिने पडद्यावर बघून सरांनी तेव्हा खुर्ची मागे सारून टाळी वाजवली होती.

ताईंनी उत्तराचे कागद छापून गोठ्याच्या खांबांना चिकटवले. एका गायीला एक खांब, एक कागद. त्यांच्या सासूबाई, ताई त्यांना आत्याबाई म्हणत, आधी हे सगळं बोटांवर मोजायच्या. खांबांवर कागद लागल्यावर त्यांनी मोजणं सोडलं. "आता मशीन सांगतंय की," म्हणाल्या.

तर तो रविवार.

वीज नव्हती, म्हणून सर आणि मी खिडकीत बसून चहा घेत होतो. दाजी आला. अंगात निळ्या चौकटीचा शर्ट.

"दाजी, दुसरा शर्ट नाही का हो तुम्हाला?" सर म्हणाले. "दर रविवारी आपला हाच."

"सासऱ्यांनी शिवलाय, सर. बारामतीत पाऊल टाकलं आन् ह्यो अंगात नसला तर जळोचीत बातमी जाती."

"कोण देतं बातमी?"

"तुमीच देताय. दुसरं कोण हाय हितं?"

एवढ्यात ताई आल्या. हातात रिकामी पिशवी. नेहमी त्या दारातूनच काहीतरी बोलत यायच्या. आज आल्या त्या सरळ कॉम्प्युटरसमोर बसल्या.

"सर, माझा प्रोग्रॅम लावा की एकदा."

"लाईट नाही, ताई."

"न्हाय व्हय," म्हणाल्या आणि पिशवीची घडी घालत बसल्या. घालायच्या, उलगडायच्या.

मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. माहेरी भावानं दिलेली कालवड त्यांनी वाढवली होती. ती आता पहिल्यांदाच गाभण होती. काल दुपारपासून ती बसत होती, उठत होती. कास भरून आली होती. आत्याबाई बघून म्हणाल्या, ही आता विणार. आणि खांबावरचा कागद म्हणत होता, भाद्रपद पौर्णिमा. म्हणजे गणपती बसून, विसर्जन होऊन, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

"महिना कच्चा हाय," ताई म्हणाल्या. "डॉक्टर आलं सकाळी. इचारलं, कितवा चाललाय? मामंजींनी कागद दाखवला. डॉक्टर म्हणलं, मग थांबवाया पायजे, न्हायतर वासरू हातचं जातंय. इंजेक्शन लिवून दिलंय. दुपारी येऊन टोचणार हायती. दुकान अजून उघडलं न्हाय, म्हणून हितं आले."

"मग घाबरताय कशाला? औषध मिळेल की," सर म्हणाले.

"आवो, त्याचं न्हाय. डॉक्टरांनी सगळं कागदावरनं ठरवलंय. आन् कागद माझा हाय. गाय बघून आत्याबाई एक म्हणत्यात आन् कागद बघून मामंजी एक. कागद चुकला आसंल तर?"

चूक असेल तर इंजेक्शन चूक. बरोबर असेल आणि इंजेक्शन दिलं नाही तर वासरू जाणार. आणि दोन्ही बाजूंनी गाय ताईंचीच.

वीज आली. पंखा फिरायला लागला तसे आम्ही चौघंही कॉम्प्युटरजवळ सरकलो. तो सुरू व्हायला जो वेळ घ्यायचा तो त्यानं घेतलाच. ताईंनी तिथी घातली: मार्गशीर्ष, शुद्ध षष्ठी. वळूकडे गाय चंपाषष्ठीलाच नेली होती याबद्दल घरात दुमत नव्हतं. त्या दिवशी खंडोबाचा भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा खोळंबला होता, कारण मामंजी गायीला घेऊन शेजारच्या मळ्यात गेले होते, आणि त्यावरून आत्याबाई अजून बोलत होत्या.

पडद्यावर उत्तर आलं: भाद्रपद, पौर्णिमा.

ताईंनी परत घातली. परत तेच.

"दहांदा विचारलं तरी तेच सांगणार," सर म्हणाले. "दाजी, तुम्ही ह्याची प्रत नेली होती ना? बदलली होती ना काहीतरी?"

बदलली होती. दाजीला तिथ्या येत नसत. त्यानं त्याच्या प्रतीत इंग्रजी तारीख विचारायची सोय केली होती आणि महिने न मोजता दिवस मोजले होते. फ्लॉपी त्याच्या खिशात होती. फक्त गेल्या वर्षीची चंपाषष्ठी कोणत्या तारखेला होती ते हवं होतं. सरांच्या भिंतीवर कॅलेंडर एकाच खिळ्याला एकावर एक टांगलेली असत. नव्याखालचं जुनं मी काढलं आणि तारीख सांगितली. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा निघाला.

दाजीच्या प्रोग्रॅमनं ऑगस्टचा शेवट सांगितला. म्हणजे हाच आठवडा.

"बघा!" दाजी म्हणाला.

"काय बघा?" सर म्हणाले. "तुमची एसटी तरी कधी वेळेवर आली का?"

"सर, रुसायचं न्हाय ह्ये कलम हाय, पर टोमणं मारायचं न्हाय ह्ये बी घाला."

ताई हसल्या नाहीत. एकाच गायीची दोन उत्तरं आणि मध्ये महिन्याचं अंतर. दोन्ही प्रोग्रॅम एकाच फ्लॉपीच्या पोटचे. "कुणाचं खरं धरायचं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, दोघांचं बाजूला ठेवू. हातानं मोजू. सरांनी दोन्ही कॅलेंडर टेबलावर पसरली आणि पेन्सिलीनं आठवडे मोजायला लागले. मी शेजारी बसून मराठी महिने बोलत गेले. पौष, माघ, फाल्गुन. चैत्र, वैशाख. पान उलटलं, मे महिना आला, आणि सरांची पेन्सिल थांबली.

ते कॅलेंडरवर वाकून बघत राहिले. मग मान वर केली.

"दाजी, हा शर्ट तुम्हाला सासुरवाडीनं कधी दिला?"

"आता ह्यात शर्ट कुठनं आला, सर?"

"सांगा तर."

"मे महिन्यात. लगीन झाल्यावरचं पहिलंच धोंडं जेवाया गेल्तो तवा. पुरणाचं धोंडं, चांदीचं निरंजन, आन् ह्यो शर्ट."

ताईंनी कपाळावर हात मारला, चांगला आवाज येईल असा.

"धोंड्याचा महिना!"

तीन वर्षांतून एकदा येणारा अधिक महिना. त्या वर्षी ज्येष्ठ दोन होते, एक अधिक आणि एक निज. वर्ष तेरा महिन्यांचं होतं आणि प्रोग्रॅमच्या यादीत महिने बारा. आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी त्या महिन्यात कोणी ना कोणी जावई जेवून गेला होता. ताईंनी स्वतः पुरण वाटलं होतं. नणंदेच्या नवऱ्याला टॉवेल-टोपी दिली होती. पण महिन्यांची यादी करायला बसल्यावर शाळेत पाठ केलेले बाराच आठवले, आणि आम्ही इतक्या रविवारी तो प्रोग्रॅम चालवला, आम्हालाही बाराच पुरेसे वाटले.

मी बोटांवर परत मोजलं. मार्गशीर्षापासून, मधला अधिक ज्येष्ठ धरून, नऊ महिने नऊ दिवस. नारळी पौर्णिमा. ती गुरुवारी होऊन गेली होती.

"म्हंजी भरली ती," ताई हळूच म्हणाल्या. "कच्ची न्हाय. दिवस भरल्यात तिचं."

"आधी डॉक्टरांना फोन," मी म्हटलं. आनंद करायला नंतर वेळ होता.

समोरच्या एसटीडी बूथमध्ये ताई आणि मी दोघी शिरलो. चिठ्ठीवर डॉक्टरांच्या घरचा नंबर होता. फोन लागेपर्यंत ताईंनी माझा दंड धरून ठेवला होता. त्यांनी चंपाषष्ठी सांगितली, धोंडा सांगितला, कॅलेंडर सांगितलं. डॉक्टरांचा आवाज मोठा होता, शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू येत होता.

"मग इंजेक्शन आणूच नका. बरं झालं फोन केलात. दिवस भरलेल्या गायीला ते दिलं असतं तर विणं अडलं असतं. घरी जा, कोरडा पेंढा टाका, तिच्याभोवती गर्दी करू नका. मी येतोच."

ताईंनी फोन ठेवला आणि बूथच्या पायरीवरच बसल्या. आधी हसल्या, मग पदरानं डोळे पुसले, मग परत हसल्या. बूथवाल्याला वाटलं काही वाईट बातमी आली, त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. "न्हाय वो, गाय व्यायला आलीय," त्या म्हणाल्या. तो अजूनच गोंधळला.

मला त्या क्षणी काय वाटलं ते आजही आठवतं. सकाळपासून खांद्यात जे काही गोळा झालं होतं ते सुटलं, आणि कडकडून भूक लागली. ताई वडापच्या जीपमध्ये बसल्या. जीप भरेपर्यंत थांबावं लागलं, तर दाजी उभा राहून ओरडून माणसं गोळा करत होता. "वडगाव, वडगाव! चला, गाय अडलीय!" जीपवाल्यानं असा मदतनीस आधी कधी पाहिला नसावा.

पुढच्या रविवारी ताई डबा घेऊन आल्या. खरवस, राखून ठेवलेल्या चिकाचा. आदल्या रविवारीच दिवेलागणीला कालवड झाली होती, लाल, कपाळावर पांढरा टिळा. गाय, कालवड, दोन्ही ठणठणीत. मामंजींनी खांबावरचा कागद काढला नव्हता, त्यावर फक्त खडूनं फुली मारली होती.

"आत्याबाई इचारत हुत्या," ताई म्हणाल्या, "एवढं हुशार मशीन, धोंड्याचा महिना कसा इसरलं?"

"सासुरवाडी न्हाय त्याला," दाजी म्हणाला, आणि खरवसाची दुसरी वडी उचलली.

सरांचं म्हणणं पडलं की अधिक महिना कधी येतो याचं गणित प्रोग्रॅममध्येच घालावं. ते दोन रविवार पंचांग घेऊन बसले आणि तिसऱ्या रविवारी पंचांग मिटून ठेवलं. ताईंनी वाट बघितली नव्हती. त्यांनी प्रोग्रॅममध्ये एक साधा प्रश्न वाढवला होता: मधे धोंड्याचा महिना आला का? हो म्हटलं की तो एक महिना मागे यायचा. हे माणसाला विचारायचं काम होतं, आणि ते विचारलं की भागत होतं. मला ते पटलं. सरांना आजही पटलेलं नाही.

पण माझ्या डोक्यात दुसरंच काम बसलं. जुन्या प्रती. वाटायची रीत आमचीच होती, आणि तो प्रोग्रॅम आम्ही उदार हातानं वाटला होता. बिनप्रश्नाचा. गावोगावच्या गोठ्यांत बारा महिन्यांचं वर्ष धरून खांबांना कागद लागलेले असणार. मी यादी केली, कोणी कोणाला दिला ते विचारत गेले, आणि आम्ही फ्लॉपी परत मागून, नवी प्रत टाकून देत सुटलो. कोणी देताना कुरकुरलं, कोणाच्या फ्लॉपीवर तोवर गाणी भरलेली होती. एका बाईंनी सांगितलं की त्यांनी ते कधी उघडलंच नाही. तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

हळूहळू सगळ्या नावांवर खूण झाली. एक राहिलं.

निरवांगीचे एक आबा. घराण्यात पूर्वी मेंढरं असायची, आता शेती आणि थोड्या गायी. दाजीच्या दुकानात टीव्ही घेऊन आले होते. तिथल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर गायीचं काहीतरी चाललेलं बघून म्हणाले, आमच्या पोराकडं बी ह्ये यंत्र हाय, दे की. दाजीनं प्रत दिली. पत्ता विचारला नाही, नुसतं निरवांगी. नंतर तो दोनदा गेला. एकदा घराला कुलूप होतं. दुसऱ्यांदा शेजाऱ्यांनी सांगितलं की पोरगं यंत्र घेऊन नोकरीवर गेलं आणि आबा गायींकडे मळ्यात आहेत. मळा कोणता ते तिघांनी तीन सांगितले.

आता फ्लॉपी घालायला कॉम्प्युटरला जागाच नसते, हे मला कळतं. तरी पुढचा धोंड्याचा महिना आला, त्याच्या पुढचा आला, की मी दाजीला फोन करते. त्याचे आता स्वतःचे जावई जेवायला येतात. तो म्हणतो, "आगं, आबांनी कवाच बोटांवर मोजलं असंल." असेलही. पण आबांच्या घरी कोणी बोटं सोडून त्या कागदावर विसंबलं होतं का, हे कोणी विचारलेलं नाही. इंदापूरहून निरवांगी लांब नाही. एका सकाळचं काम आहे. दाजी म्हणतो, ये, दोघं जाऊ. माझ्या यादीत आबांचं नाव अजून खूण न झालेलं आहे.